परक्या पंगतीतले एक सत्र

धर्म मानणाऱ्या माणसांविषयी धर्म न मानणाऱ्यांनी लिहिलेले वाङ्मय इंग्रजीत पुष्कळ आहे. त्यातले बरेचसे दुरून लिहिलेले असते. भाषणे ऐकावीत, वर्तमानपत्रांतील कात्रणे जमवावीत आणि निष्कर्ष काढून मोकळे व्हावे, अशी त्याची साधारण रीत. परंतु ज्यांची मते आपल्याला पटत नाहीत, किंबहुना ज्यांची थोडीशी भीतीच वाटते, अशांच्या वसतिगृहात खाट मांडून राहावे, त्यांच्याच वर्गात बसावे आणि त्यांचीच परीक्षा द्यावी, हा प्रकार विरळा. केव्हिन रूझ नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने २००७ साली असा प्रयोग केला आणि २००९ साली 'द अनलाइकली डिसायपल' या पुस्तकात त्याची हकीकत लिहिली. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होता. म्हणजे वयाने व इयत्तेने तो आपल्यातलाच म्हणायला हरकत नाही. आमच्या इंग्रजीच्या सरांनी वाचावयास दिलेल्या या पुस्तकामुळे मला एक प्रश्न पडला, तो असा : ज्यांच्याशी आपले मुळातच जमत नाही अशा माणसांत राहून त्यांना समजून घेता येते काय? आणि येत असल्यास त्याची किंमत कोणी मोजायची?

प्रथम या माणसांची ओळख करून घेणे जरूर आहे. 'इव्हँजेलिकल' हा शब्द 'शुभवर्तमान' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. हा काही एखादा स्वतंत्र पंथ नव्हे. प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, पेंटेकोस्टल अशा अनेक मंडळ्यांतून वाहणारा तो एक प्रवाह आहे. डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराने १९८९ साली त्याच्या चार खुणा सांगितल्या. बायबल हेच अंतिम प्रमाण मानणे ही पहिली. ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणातच मानवाचे तारण आहे ही दुसरी. प्रत्येक माणसाचे अंतःकरण स्वतंत्रपणे पालटले पाहिजे ही तिसरी, आणि हे सर्व जगाला सांगत सुटण्याची धडपड ही चौथी. यांतील तिसऱ्या खुणेविषयी मराठी वाचकाने थोडे सावध असावे. ही मंडळी स्वतःला 'बॉर्न अगेन' म्हणवतात. त्याचे भाषांतर 'पुनर्जन्म' असे केले तर सारा घोटाळा होतो. हा नवा जन्म याच देहात, याच आयुष्यात होतो आणि पुष्कळांना त्याचा वार-तारीखही सांगता येते. ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मल्याने कोणी ख्रिस्ती ठरत नाही, असे ते मानतात. जन्मावरूनच धर्म आणि जात पक्की करणाऱ्या आपल्या समाजाला ही कल्पना चमत्कारिक वाटेल, पण त्यांच्या सगळ्या वागण्याचे मूळ तिच्यात आहे. समोरच्या माणसाचा हा जन्म झाला आहे की नाही, हा त्यांच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न असतो. म्हणूनच ओळख झाल्यावर पाच मिनिटांत ते धर्माच्या गोष्टीवर येतात. आपल्याला तो आगाऊपणा वाटतो. त्यांच्या मते मात्र बुडत्या माणसाला हाक न मारणे हाच गुन्हा.

रूझने ज्या संस्थेत प्रवेश घेतला ती लिबर्टी युनिव्हर्सिटी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग या गावी आहे. जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाळकाने १९५६ साली तेथे थॉमस रोड बॅप्टिस्ट चर्च स्थापन केले आणि १९७१ साली त्याच्या आश्रयाने महाविद्यालय काढले. फॉलवेलचा राजकीय प्रवास मोठा बोलका आहे. १९६५ साली, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असताना, धर्मोपदेशकांनी मोर्चात जाऊ नये, त्यांचे काम आत्म्यांच्या तारणाचे, असे प्रवचन त्याने दिले. पुढे १९७९ साली त्याच गृहस्थाने 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली आणि गर्भपात, समलिंगी संबंध, स्त्रीमुक्ती यांच्या विरोधात धर्मनिष्ठ मतदारांना राजकारणात ओढले. म्हणजे मोर्चाला हरकत नव्हती, हरकत होती ती मोर्चाच्या विषयाला, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे पाडणे कठीण जाईल. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी दूरचित्रवाणीवर बोलताना त्याने समलिंगी, स्त्रीवादी, गर्भपाताचे समर्थक अशांवर त्या हल्ल्याच्या दोषाचा वाटा टाकला, आणि गहजब झाल्यावर माफी मागितली. अशा माणसाची ही संस्था.

रूझ हा याच्या अगदी उलट वातावरणातला. घर क्वेकर परंपरेतले, पण उदारमतवादी आणि देवाधर्माची फारशी सक्ती नसलेले. त्याच्या नात्यात समलिंगी स्त्रियाही होत्या, आणि त्याचा हा बेत ऐकून घरच्यांना काळजी वाटली ती साहजिकच होती. तो शिकत होता ब्राउन युनिव्हर्सिटीत. अमेरिकेतील सर्वांत पुढारलेल्या विचारांच्या विद्यापीठांत ती मोडते. एका लेखकाचा मदतनीस म्हणून तो फॉलवेलच्या चर्चमध्ये गेला असताना लिबर्टीच्या काही विद्यार्थ्यांशी त्याची गाठ पडली. त्यांनी विचारले, ख्रिस्ताला ओळखतोस का? याला काय उत्तर द्यावे हेच सुचेना आणि संभाषण तेथेच खुंटले. एकाच देशातली, एकाच वयाची, एकच भाषा बोलणारी मुले, आणि दोन वाक्यांपलीकडे बोलता येत नाही! ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. त्याचे सोबती एखादे सत्र शिकण्यासाठी युरोपात जात. याने ठरवले की आपण लिंचबर्गला जायचे. परदेश तोही आहेच.

तेथील शिस्तीविषयी त्याने जे लिहिले आहे ते वाचून आपल्याकडील कडकातले कडक वसतिगृह बरे वाटू लागते. 'लिबर्टी वे' या नावाची नियमांची ४६ पानी संहिता होती. दारू नाही, सिगारेट नाही, नृत्य नाही, प्रौढांसाठीचे सिनेमे नाहीत, चुंबन नाही. मुलामुलीने एकमेकांना मिठी मारायची झाली तर तीन सेकंदांपर्यंत! नियम मोडल्यास दोषांक आणि रोख दंड असे दोन्ही. रात्री ठरल्या वेळी खोलीत हजेरी, आठवड्यातून तीनदा सर्व विद्यार्थ्यांची सामुदायिक सभा. (हे सारे २००७ सालचे आहे. यांतले काही नियम पुढे सैल झाले.) रूझला शिव्या देण्याची सवय होती, ती त्याला जाण्यापूर्वी घासूनपुसून काढावी लागली.

वर्गातील शिक्षण पाहू. बायबलच्या जुन्या-नव्या कराराचा अभ्यास होता, धर्मप्रसार कसा करावा याचाही तास होता. पण त्याला खरा धक्का बसला तो जीवसृष्टीच्या इतिहासाच्या तासाला. पृथ्वी काही हजार वर्षांपूर्वी सहा दिवसांत निर्माण झाली आणि उत्क्रांतीचा सिद्धांत चुकीचा आहे, असे तेथे शिकवीत. शिकवणारे प्राध्यापक अडाणी असते तर रूझला सोपे गेले असते. पण ते मज्जासंस्थेच्या शास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेले गृहस्थ होते. हुशार माणूस हुशारीने युक्तिवाद करतो आहे, आणि आपल्याला तो चूक आहे हे ठाऊक असूनही जागच्या जागी खोडता येत नाही, हा अनुभव त्याने मोकळेपणाने लिहिला आहे. मला वाटते, आपल्यापैकी पुष्कळांची विज्ञाननिष्ठा अशीच उसनी असते. पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची आहे हे आपण पुस्तकात वाचले म्हणून मानतो. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून खडकांचे वय कसे काढतात, हे कोणी विचारले तर कला शाखेतील आपण किती जण सांगू शकू?

पण या पुस्तकाचा गाभा वर्गात नाही, तो वसतिगृहाच्या ओसरीवर आहे. रूझ गेला तो कडव्या, संतापी माणसांच्या अपेक्षेने. तसे भेटलेच नाहीत असे नव्हे. समलिंगी माणसांचा पराकोटीचा द्वेष करणारा एक सोबती त्याच्या खोलीतच होता. परंतु बाकीची मुले चारचौघांसारखी निघाली. परीक्षेची धास्ती, मुलींच्या गोष्टी, एकमेकांच्या खोड्या, घरची आठवण. शंकाही होत्या, फक्त त्या रात्री उशिरा आणि दबक्या आवाजात बोलल्या जात. नव्या मुलाला कोणी एकटे पडू देत नसे. कोणी आजारी पडले तर दहा जण येऊन प्रार्थना करीत. रूझ चर्चच्या गायकवृंदात गाऊ लागला. रोज प्रार्थना करू लागला, आधी दिखाव्यापुरती, मग सवयीने. देव आहे असे त्याला काही वाटू लागले नाही, पण दिवसातून काही वेळ दुसऱ्यांच्या अडचणींचा विचार करीत बसल्याने आपल्यात फरक पडतो आहे, असे त्याला आढळून आले. सुट्टीत तो त्यांच्याबरोबर फ्लॉरिडातील डेटोना बीचवर धर्मप्रसारालाही गेला. तेथे मौजमजा करायला आलेल्या तरुणांना थांबवून पापपुण्याच्या गोष्टी सांगायच्या! बहुतेकांनी यांना उडवून लावले. दिवसभर नकार ऐकूनही आपले सोबती दुसऱ्या दिवशी पुन्हा कसे निघतात, हे कोडे त्याने फार जवळून पाहिले.

येथे मला दुसऱ्या एका परक्या व्यक्तीची आठवण करून द्यावीशी वाटते. सुझन हार्डिंग या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्या याच लिंचबर्ग गावात, याच फॉलवेलच्या अनुयायांत संशोधनासाठी जात होत्या. त्यांनी आपली ओळख लपवली नाही. मी संशोधक आहे, श्रद्धाळू नाही, हे उघड होते. परिणाम काय झाला? त्या ज्याला ज्याला मुलाखत घ्यायला भेटत, तो तो उलट त्यांच्याच आत्म्याची चौकशी करू लागे. एका पाळकाकडे त्या माहिती घेण्यास गेल्या आणि त्याने सारा वेळ त्यांना तारणाचा मार्ग समजावण्यात घालवला. परतीच्या वाटेवर त्यांच्या गाडीला अपघात होता होता वाचला, आणि त्या क्षणी त्यांच्या मनात आपोआप विचार आला, देवाला मला काय बरे सुचवायचे आहे? हार्डिंगबाईंनी यावर पुढे पुष्कळ लिहिले. २००० साली 'द बुक ऑफ जेरी फॉलवेल' हा त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांचे म्हणणे असे, की या लोकांत श्रद्धा ही युक्तिवादाने पटवून घेण्याची गोष्ट नसते. ती एखाद्या भाषेसारखी अंगवळणी पडते. आपण नुसते लक्षपूर्वक ऐकत राहिलो तरी ती भाषा आपल्या डोक्यात बोलू लागते.

रूझच्या प्रार्थनेचा उलगडा मला हार्डिंगबाईंच्या या विचारातून झाला. आणि खरे सांगायचे तर थोडा माझ्या स्वतःचाही. माझ्या घरी माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. घरी आजी एकादशी करते, पडवीतल्या देवाला विचारल्याशिवाय पेरणीचा दिवस धरीत नाही. इकडे समाजशास्त्राच्या तासाला त्यालाच कर्मकांड म्हणतात. घरी मी आजीच्या भाषेत बोलते, येथे प्राध्यापकांच्या, आणि दोन्हीकडे मान डोलावते. यात लबाडी किती आणि शिकणे किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. एवढे मात्र कळते की जो दोन भाषांत राहतो त्याला कोणत्याही एका भाषेतल्या माणसांना वेडे म्हणणे अवघड होऊन बसते. रूझचे नेमके हेच झाले. समलिंगी संबंध, उत्क्रांती, स्त्रियांचे स्थान यांविषयीची त्याची मते सत्राच्या अखेरीस होती तीच राहिली. तुच्छता मात्र गेली.

हे सारे आपल्याला फार परके आहे असे समजू नये. ज्या चळवळीतून पुढे लिबर्टीसारख्या संस्था निघाल्या, तिच्याच स्कॉटिश शाखेतले जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि १८३२ साली त्यांनी काढलेल्या शाळेतून आजचे विल्सन कॉलेज उभे राहिले. त्या शाळांतले बहुसंख्य विद्यार्थी हिंदू, पारशी असेच होते. म्हणजे इव्हँजेलिकलांच्या वर्गात बसणारे परके विद्यार्थी मराठी मुलखाने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पाहिले. त्यात जोखीमही होती. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पालकांनी मुले भराभर काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या हवाली केले, आणि मिशनऱ्यांत राहून आलेल्या या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावर रण माजले. बाळशास्त्री जांभेकर त्याला घ्यावे या बाजूचे होते. दुसरीकडे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले शिकत होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण अहमदनगरला अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहून आले आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली. पंगत परक्याची, पण काय वाढून घ्यायचे ते आपण ठरवायचे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मात्र जोतीराव आणि रूझ यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि तो डोळ्याआड करून चालणार नाही. जोतीराव कोण आहेत हे मिशनऱ्यांना माहीत होते. रूझ कोण आहे हे त्याच्या सोबत्यांना माहीत नव्हते. त्याने नाव बदलले नाही, ब्राउनमधून आलो हेही लपवले नाही, पण आपण पुस्तक लिहिण्यासाठी आलो आहोत आणि तुमच्यासारखे श्रद्धाळू नाही, हे त्याने सांगितले नाही. आता कोणी म्हणेल की सांगितले असते तर हार्डिंगबाईंसारखे त्याच्याही वाट्याला केवळ उपदेश आला असता, रात्रीच्या दबक्या शंका ऐकायला मिळाल्याच नसत्या. हे खरेच आहे. समाजशास्त्रातही चोरून केलेल्या सहभागी निरीक्षणाची उदाहरणे आहेत. जगबुडीची वाट पाहणाऱ्या एका अमेरिकन गटात फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी असेच मिसळले होते, आणि १९५६ साली निघालेले त्यांचे पुस्तक आजही अभ्यासले जाते. तरीसुद्धा ज्याने आपल्यासाठी मनापासून प्रार्थना केली, त्याची प्रार्थना आपण टिपणवहीत उतरवून घेत होतो, हे मला रुचत नाही. रूझलाही ते बोचत होते. तेथील एका मुलीत त्याचे मन गुंतू लागले तेव्हा तो आपणहून मागे सरला. खोट्या ओळखीवर हे पुढे नेणे बरे नाही असे त्याला वाटले. त्या मुलीला याचे कारण त्या वेळी कळले नाही.

एक विद्यार्थिनी म्हणून मला आणखी एक उणीव जाणवली. लिबर्टीची वसतिगृहे मुलांची वेगळी व मुलींची वेगळी. साहजिकच रूझला जो जिव्हाळा दिसला तो मुलांच्या ओसरीवरचा. पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे असे शिकवणाऱ्या त्या संस्थेत मुली रात्री दबक्या आवाजात काय बोलत असतील, हे या पुस्तकातून कळत नाही. तसेच त्या वसतिगृहात एखादा मुलगा खरोखरच समलिंगी असेल, तर त्याला तो जिव्हाळा कसा लागत असेल? रूझ तेथील एका पाळकाला भेटला. अशा मुलांना समजावण्याचे काम त्याच्याकडे होते. पाळक स्वभावाने मवाळ, प्रेमळ होता. पण त्या प्रेमाची अट एकच, तू आहेस तसा राहू नकोस. चार महिन्यांनी निघून जाणाऱ्याला ही अट दुरून पाहता येते. ज्याला चार वर्षे काढायची आहेत आणि ज्याचे आईवडील त्याच मंडळीत आहेत, त्याचे काय? चांगली माणसे चांगुलपणानेच दुसऱ्याला चिरडू शकतात, हे रूझने पाहिले आहे, परंतु त्यावर तो फार रेंगाळत नाही. पुस्तकाचा सूर खेळकर आहे, त्यात हे मावले नसावे.

सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रासाठी रूझने खुद्द फॉलवेलची मुलाखत घेतली. त्याने राजकारण बाजूला ठेवले आणि माणूस म्हणून प्रश्न विचारले. थट्टामस्करीची हौस असलेला, विद्यार्थ्यांत रमणारा एक म्हातारा त्याला दिसला. पुढे काही दिवसांतच, १५ मे २००७ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी फॉलवेल विद्यापीठातील आपल्या कचेरीत मरण पावला. छापील वर्तमानपत्रासाठी त्याने दिलेली ती अखेरची मुलाखत ठरली.

परक्याने उघडपणे तेथे जावे याचा एक प्रसंग पुढे घडला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले समाजवादी सिनेटर बर्नी सँडर्स लिबर्टीच्या सामुदायिक सभेत बोलले. गर्भपात आणि समलिंगी विवाह यांवर आपले मतभेद आहेत हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले आणि मग गरिबी व विषमता हा विषय घेतला. मुलांनी शांतपणे ऐकून घेतले. त्याने कोणाचे मत बदलले असे दिसत नाही. २०१६ च्या निवडणुकीत गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहांतले सुमारे आठ डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाजूने गेले. एका तासाच्या भाषणाने जे होत नाही ते चार महिन्यांच्या सहवासानेही झाले नव्हते, हे खरे, पण सँडर्सना परतताना कोणाची क्षमा मागावी लागली नाही.

रूझला मागावी लागली. ब्राउनला परत गेल्यावर काही काळाने तो पुन्हा लिंचबर्गला आला आणि एकेका मित्राला गाठून त्याने खरे काय ते सांगितले. मारामारीची नाही तरी कायमच्या अबोल्याची त्याने तयारी ठेवली होती. प्रत्यक्षात बहुतेकांनी त्याला क्षमा केली. मला याचे नवल वाटले नाही. मी असा होतो, मी हे लपवले, आता उघडे करतो, अशी साक्ष चारचौघांत देणे ही तर त्या मंडळींची रोजची रीत. ती भाषा न मानणारा मुलगा शेवटी त्यांच्यापुढे त्यांच्याच भाषेत उभा राहिला, म्हणून ते त्याला लगेच समजू शकले. पुस्तकात त्याने त्यांची नावे बदलली आहेत. रूझ पुढे पत्रकार झाला आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये तंत्रज्ञानावर लिहू लागला.